कागदाच्या बंगल्यातली नववी खोली

१

घर पाडून तीन आठवडे झाले होते आणि त्यातली एक खोली बुधवारी चोरीला गेली.

गुरुवारी सकाळी सव्वानऊला बंडोपंतांनी मला फोनवर हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी फोन ठेवून भाजी चिरायला घेतली असती. पण बंडोपंत आमच्या भूगावच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात, पिरंगुटच्या कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेत आणि गेली अकरा वर्षं जुन्या घरांच्या कागदी प्रतिकृती करतात. माणूस मिलिमीटरमध्ये बोलतो. त्यांचा आवाज त्या दिवशी फुटत होता.

मी एकतीस वर्षं मुळशी तालुक्यात भूकरमापक होते. बांधावरून भांडणाऱ्या सख्ख्या भावांचं ऐकून ऐकून माणूस कुठे खोटं बोलतो ते मला कळायला लागलं. म्हणून लोक अजून 'मोजणीवाल्या बाई' म्हणत मला असल्या भानगडींत ओढतात, आणि मीही नको नको म्हणत पर्स उचलते. पौडपर्यंत बस, पुढे कोळवणची जीप, अशी मी साडेदहाला पोचले.

कोळवणचा 'डॉक्टरांचा बंगला' १९११ सालचा. आताचे मालक जनार्दनराव यांच्या आजोबांनी बांधला, पुढे वडिलांनी तिथेच दवाखाना चालवला. दगडी जोतं, सागवानी खांब, मंगळुरी कौलं, नऊ खोल्या. आता तिथे सपाट लाल माती होती आणि चुन्याच्या फक्कीने आखलेले पंधरा प्लॉट. जनार्दनरावांच्या मुलाने, निरंजनने, जमीन डेव्हलपरला दिली होती. जनार्दनरावांनी सही केली, पण एक अट घातली. पाडण्याआधी घराची कागदी प्रतिकृती व्हावी, आतल्या दारांसकट, कड्यांसकट, आणि प्रत्येक दार उघडता-मिटता यावं. त्यांचं वय बहात्तर. सोमवारी पुण्यात हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि डॉक्टरांनी फारशी खात्री दिली नव्हती. त्याआधी मला ते घर बघायचंय, एवढंच ते बंडोपंतांना पुन्हा पुन्हा सांगत होते. आज चार वाजता ते येणार होते.

पाडापाडीतून एकच गोष्ट वाचली होती, जुना गाडीखाना. बंडोपंतांचं टेबल तिथेच होतं. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे न बघता प्रतिकृतीचं छप्पर आधी पश्चिमेकडे बोटभर सरकवलं आणि मग उचललं.

पंचविसास एक या मापाचं ते घर छप्पन्न सेंटिमीटर लांब होतं. ओटी, दवाखाना, माजघर, स्वयंपाकघर, सगळं जागच्या जागी. फरशीचे जोड सुद्धा पेन्सिलीने ओढलेले. आणि स्वयंपाकघराच्या मागे, पूर्वेच्या कोपऱ्यात, एक चौकोनी भगदाड होतं. नववी खोली चारी भिंतींसकट गेली होती. ब्लेडची एकही खूण नव्हती, फाटलेला एकही कागद नव्हता. भगदाडाच्या काठावर मात्र बारीक तांबड्या मुंग्या लागल्या होत्या.

मुंग्या कुठून आल्या काय माहीत, बंडोपंत म्हणाले आणि रुमालाने डोळे पुसायला लागले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. हे त्यांचं शेवटचं घर होतं, हे मला ठाऊक होतं. नकाशे वहीत होते, पण पुन्हा ती खोली करायला आठ दिवस लागले असते. हाताशी साडेपाच तास होते.

कुलूप तोडलेलं नव्हतं. किल्ल्या चौघांकडे: बंडोपंत, निरंजन, साइटवर देखरेख करणारा मनीष आणि गाडीखान्यालाच लागून असलेल्या दोन खोल्यांत राहणारी, घरातली जुनी कामवाली रत्नाबाई. बंडोपंत सोडले तर तीन उरले.

२

मनीष डेव्हलपरचा माणूस, मूळचा लातूरकडचा. गाडीखान्याच्या अर्ध्या भागात त्याची सिमेंटची पोती होती, म्हणून किल्ली. मला बघताच त्याने खुर्ची पुसून दिली आणि आपला ह्याच्याशी काही संबंध नाही हे मी विचारायच्या आधीच तीनदा सांगितलं.

संबंध होता. महिन्यापूर्वी त्याचं आणि बंडोपंतांचं चांगलंच वाजलं होतं. बंडोपंत ही प्रतिकृती पुण्याच्या प्रदर्शनात ठेवणार होते, खाली 'हे घर यंदा पाडलं' अशी पाटी लावून. प्लॉट विकायला बसलेल्या माणसाला ती पाटी कशी मानवणार? एकदा वैतागून तो म्हणालाही होता, की एक बादली पाणी ओतलं की कागदाचं घर खल्लास.

मी त्याला टेबलापाशी नेलं आणि छप्पर जरा उचला म्हटलं. त्याने दोन्ही हातांनी सरळ वर ओढलं. कोपरा करकरला, बंडोपंत कळवळून पुढे झाले. छप्पर आधी सरकवावं लागतं हे त्या भल्या माणसाला माहीतच नव्हतं. तो मुद्दाम अडाणीपणा करत असेल, अशी शंका मलाही आली. पण त्याने जिथे हात लावला तिथे पांढऱ्या कागदावर सिमेंटचे दहा करडे ठसे उमटले, आणि भगदाडाभोवतीचा कागद तर धुतल्यासारखा स्वच्छ होता.

मनीष ओशाळून बाजूला झाला आणि जाता जाता हळूच म्हणाला, "मॅडम, निरंजन सरांना विचारा ना. सात नंबरचा प्लॉट त्या खोलीच्या जागेवर येतो, म्हणूनच विकला जात नाहीये."

३

निरंजन बाराला आला. हिंजवडीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता आणि ते त्याने पहिल्याच वाक्यात सांगितलं. मला तो 'काकू' म्हणाला. मी त्याची काकू नाही, पण सोडून दिलं.

सात नंबरबद्दल विचारल्यावर त्याने मोबाईल खिशात टाकला. मग सांगायला लागला. त्याच्या बाबांना दोन मोठ्या बहिणी होत्या. त्यातली धाकटी अनसूया, घरात अनू. तिला आकडी यायची. सहासष्ट साली, सतरा वर्षांची असताना, ती त्या मागच्या खोलीत गेली. थोरल्या बहिणीला बघायला पाहुणे आले होते त्या दिवशी. अनूने आतून कडी लावून घेतली, आत तिला आकडी आली आणि दार फोडेपर्यंत सगळं संपलं होतं. घरात ही गोष्ट एवढीच सांगितली जायची, त्याच शब्दांत, आणि पुढे कुणी काही विचारायचं नाही. गावातल्या लोकांनाही तेवढीच ठाऊक. प्लॉट बघायला आलेली दोन गिऱ्हाइकं ती ऐकून फिरली होती.

"बाबा कोळवणला यायचे ना, तर माजघरातूनच परत जायचे," तो म्हणाला. "पन्नास-पंचावन्न वर्षांत माजघराच्या पुढे त्यांनी पाऊल टाकलं नाही. मला खरंच वाटायचं की मॉडेलमधून ती खोली वगळावी. ऑपरेशनच्या तोंडावर कशाला त्यांना तो त्रास? पण मी नेली नाही, काकू. नेली असती तर कटरने कापून नेली असती. फेव्हिकॉलने चिकटवलंय सगळं, नुसतं ओढून निघणार आहे का ते?"

पोरगं चिडलेलं होतं, पण खरं बोलत होतं. आणि बोलता बोलता त्याने मला नेमकं हवं ते दिलं होतं. फेव्हिकॉलने चिकटवलेला कागद न फाटता निघत नाही. मग ही खोली निघाली कशी? आणि फेव्हिकॉलला मुंग्या कधीपासून लागायला लागल्या?

४

बंडोपंत पायरीवर डबा उघडून न जेवता बसले होते. मी त्यांना विचारलं की नववी खोली कशाने चिकटवली होती.

ते दचकले. घर जमिनीवर असेपर्यंत त्यांनी सगळी मापं आणि फोटो घेतले होते, पण ही खोली सर्वांत शेवटी, मागच्या सोमवारी बसवली. नेमका फेव्हिकॉल संपला होता आणि कोळवणच्या दुकानातही नव्हता. तेव्हा रत्नाबाईनेच तिच्या चुलीवर कणकेची खळ शिजवून दिली होती. कणकेची खळ ओल्या फडक्याने अर्ध्या तासात सुटते. ओलावली की मुंग्याही येतात. हे निरंजनला माहीत नव्हतं, मनीषला माहीत नव्हतं.

बंडोपंतांना ते पटेना. चार महिने ती बाई त्यांना दुपारची भाकरी देत होती. ती कशाला नेईल? मी त्यांची वही मागितली आणि त्या खोलीचं पान काढलं. तीन मीटर बाय अडीच, एक झरोका, एक दार. दाराचं चित्र दोन्ही बाजूंनी काढलेलं होतं. बाहेरच्या बाजूला कडी आणि कोयंडा. आतली बाजू नुसती रिकामी.

इथे राहून गेलं का काही, मी विचारलं. बंडोपंतांना ते लागलं. ते जे मोजतात तेच करतात, पदरचं काही घालत नाहीत आणि काही गाळतही नाहीत.

"घरातल्या प्रत्येक दाराला आतून कडी होती," ते म्हणाले. "याच एका दाराला नव्हती. आधी असेल आणि काढली असेल म्हणून मी बोट फिरवून पाहिलं. खिळ्याचं भोकसुद्धा नव्हतं हो. दार अख्खं, पहिल्यापासूनचं, कुठे जोड नाही, ठिगळ नाही. म्हणून मी कागदावरही तसंच केलं."

ते सांगलीकडचे. अनूची गोष्ट त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. त्यांनी फक्त एक दार मोजलं होतं, आणि त्या दाराला आतून कडी लावताच येत नव्हती. ते कधी कुणी फोडलंही नव्हतं.

पावणेदोन वाजले होते. मी रत्नाबाईच्या दारात गेले.

५

रत्नाबाई डोंगरावरच्या वाडीतली. तिची आई रंभाबाई या घरात राबली, मग ही राबली. सत्तरीची बाई, अंगाने काटक. तिने मला पाट दिला आणि चहाचं आधण ठेवलं. मी खळीबद्दल एक शब्द बोलले आणि तिने आधण खाली उतरवलं. नाकारलं नाही. फडताळातून स्टीलचा पसरट डबा काढला आणि झाकण उघडून माझ्यापुढे ठेवला.

आत जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यावर ती खोली ठेवली होती. बारा सेंटिमीटर बाय दहा. झरोक्याला उभे गज होते. दाराची कडी तांदळाच्या दाण्याएवढी होती, आणि रत्नाबाईने ती काढून दार उघडं करून ठेवलं होतं.

"आदी कडीच काडली बगा," ती म्हणाली. "मला ऱ्हावंना."

मग ती बोलली, आणि बराच वेळ बोलली. डॉक्टर सगळ्या खोऱ्यातल्या आकडीच्या पोरांना औषध द्यायचे, पण स्वतःच्या मुलीला पाहुणे आले की मागच्या खोलीत घालायचे. तिच्यामुळे थोरलीचं लग्न मोडू नये म्हणून. अनू काही त्रास द्यायची नाही, निमूट जायची. तिला आत घालून कडी लावायचं काम चौदा वर्षांच्या जनूचं, म्हणजे जनार्दनरावांचं. पाहुणे गेले की कडी काढायचं कामही त्याचंच. दोघांचं फार सख्य होतं. अनू त्याच्यासाठी झरोक्यातून कागदाच्या चिमण्या करून टाकायची.

त्या दिवशी पाहुणे मोटार घेऊन आले होते. जाताना त्यांनी जनूला विचारलं, येतोस का पौडपर्यंत? तो तसाच चढला. संध्याकाळच्या एसटीने परत आला. घरातल्या बाकीच्यांना वाटलं की त्याने कडी काढली असणार. आई थोरलीच्या कौतुकात, डॉक्टर पेशंट बघायला गेलेले.

"मी मागच्या पडवीत भांडी घाशीत व्हते," रत्नाबाई म्हणाली. "बारा वर्साची आसंन. मोटार गेल्याली अनूताईनं ऐकली. मग तिनं जनूदादाला हाका मारल्या. आदी हळू, मग मोट्यानं. जनू, कडी काड. जनू, काड की रे. लई येळ मारल्या बाई तिनं. मग कायतरी पडल्यावानी झालं."

मी विचारू नये ते विचारलं. कडीला तिचा हात पोचत होता का?

"पोचत व्हता की," ती म्हणाली. "पर आमाला आतल्या दारांना हात लावायचा न्हवता. पडवीच्या हिकडं आमी, तिकडं ती. मी आयला सांगितलं, तर आय म्हनली डॉक्टरांच्या दाराला शिवशील तर घर बंद हुईल आपल्याला. मी बसून ऱ्हायले. ऐकत बसले."

ती रडली नाही. रडून झालेलं असावं पन्नास वर्षांत. मीच पदराने डोळे टिपले.

रात्री डॉक्टरांनी सगळ्यांना बसवून सांगितलं की अनूने आतून कडी लावली होती आणि दार फोडावं लागलं. जनूच्या समोर सांगितलं, त्याच्यासाठीच सांगितलं. जनू तापाने फणफणलेला, तो मान हलवत राहिला. रंभाबाईला देवासमोर शपथ घातली, आणि मरताना तिने ती रत्नाबाईला घातली. जनूदादाला हे कधी कळू द्यायचं नाही. कागदाच्या घराची दारं उघडतात आणि त्यांना कड्या आहेत हे बघितल्यावर रत्नाबाईची झोप उडाली होती.

"सोमवारी त्येंच्या छातीवर सुरी चालनार हाय," ती म्हणाली. "हे बगून गेले तर वाचतील का? तुमीच सांगा. न्हाई दाखवायचं बाई. मी पाया पडते."

बाहेर गाडीचा आवाज झाला. जनार्दनराव तासभर आधीच आले होते.

६

उंच, वाळलेला माणूस. निरंजनने दंड धरला होता. ते टेबलापाशी खुर्चीवर बसले आणि दिंडी दरवाजापासून एकेक दार बोटाने उघडत आत गेले. ओटी, दवाखाना, माजघर. बंडोपंत शेजारी हात जोडून उभे. स्वयंपाकघराच्या मागे त्यांचं बोट थांबलं.

निरंजनने घाईघाईने सांगितलं की जागा ओली झाल्यामुळे एक भाग खराब झालाय, नंतर बसवून घेऊ. जनार्दनरावांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मला नंतर नाहीये रे," ते म्हणाले. "बाकीचं घर मी कशाला करून घेतलंय? मला हीच खोली बघायची होती. वडील म्हणाले तिने आतून लावली. माझ्या हाताला आठवतं की मी बाहेरून लावली. दोन्ही एकदम खरं कसं असेल? पंचावन्न वर्षांहून जास्त झाली, पण उठून ते दार बघायची माझी हिंमत झाली नाही. घर पाडायला निघाले तेव्हा वाटलं, निदान कागदाचं तरी बघवेल."

रत्नाबाई दारात उभी होती. मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. तो निर्णय माझा नव्हता. ती तशीच मागे फिरली, डबा घेऊन आली आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. आत यायला तिला क्षणभर जड गेलं, उंबऱ्यापाशी पाय अडला.

जनार्दनरावांनी खोली तळहातावर घेतली. चष्मा वर सरकवून दार मिटलं. बाहेरची कडी पाहिली. मग खोली उलटी फिरवून झरोक्यातून आत डोकावले आणि उघड्या माथ्यातून करंगळी घालून दाराच्या आतल्या बाजूवरून फिरवली. खाली-वर, खाली-वर. बंडोपंतांना आता सगळं कळलं होतं. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"आतून काहीच नव्हतं का, बंडोपंत?"

"नव्हतं," बंडोपंत म्हणाले.

निरंजनने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो हळूच बाजूला केला. मला वाटलं आता यांना धरावं लागेल. पण ते ताठ बसले, आणि बोलले तेव्हा आवाज अगदी लहान मुलाचा होता.

"रत्ना, तू मागच्या पडवीत असायचीस. तिनं मला हाक मारली होती का?"

रत्नाबाईने पदर खांद्यावर घट्ट ओढला आणि त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "न्हाई. एकदाबी न्हाई. निजली व्हती ती, जनूदादा. झोपंतच गेली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चौकशी मी केली हे निरंजनने त्यांना सांगितलं होतं. मी त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होते.

"म्हणजे पाहुणे गेले हे तिला कळलंच नाही," ते म्हणाले. "मी विसरलो, हेही तिला कळलं नाही."

"नाही," मी म्हणाले. "तिला काहीच कळलं नाही."